घरातली गळती कशी शोधावी आणि थांबवावी: नळ, कुकर, गच्ची आणि कुंड्या

आमच्या मोरीतला नळ वर्षभर ठिबकत होता. "बघू, प्लंबर आला की सांगू" असं चाललं होतं. एकदा सहज त्याच्याखाली अर्ध्या लिटरचा तांब्या ठेवला आणि घड्याळ लावलं. ४० मिनिटांत तांब्या भरला. म्हणजे दिवसाला १८ लिटर, महिन्याला ५४० लिटर. गच्चीवरची आमची टाकी हजार लिटरची. दर महिन्याला अर्ध्याहून जास्त टाकी आम्ही खालून वर चढवत होतो ती मोरीत सोडायला, आणि त्याच घरात मी विजेच्या बिलावरून लेकीला पंखे बंद करायला सांगत होते.

तेव्हापासून घरखर्चाकडे बघायची माझी पद्धत बदलली. काय घ्यायचं नाही याची यादी करणं मी सोडून दिलं. त्या यादीने घरात नुसती भांडणं होतात. घेतलेलं कुठून गळतंय ते शोधायला लागले. आम्ही साताऱ्यात राहतो, घर पंचवीस वर्षं जुनं, वर स्लॅबची गच्ची, माणसं चार: आम्ही दोघं, सासूबाई आणि लेक. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गच्चीच्या जागी बाल्कनी धरावी.

आधी आठ दिवस नुसतं बघा

एक वही करा. आठ दिवस काहीही बदलायचं नाही, फक्त टाकलेलं लिहायचं. किती पोळ्या टाकल्या, कुठली भाजी सडली, कुठला दिवा उगाच चालू राहिला. आमच्या वहीत पहिल्या आठवड्यात होतं: कोथिंबीर दीड जुडी, पोळ्या नऊ, दूध नासलं एकदा, कढीपत्ता काळा पडला, काकडी एक (पाणी झालेली). महागाचं काहीच नव्हतं. सगळं पाच-दहा रुपयांचं, म्हणून तर दिसत नव्हतं.

त्याच आठवड्यात तीन तपासण्या उरका. प्रत्येक नळाखाली तांब्या. संडासाच्या फ्लशच्या टाकीत जिलेबीत घालतात तो खाण्याचा रंग चिमूटभर टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबायचं. रंग खाली भांड्यात उतरला तर आतलं रबर गेलेलं आहे. आणि गॅसच्या जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघायचं. गॅसच्या बाबतीत मात्र काटकसर नाही. रबरी नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की नवी घ्यायची, चिकटपट्टी लावायची नाही. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात न लावता घराबाहेर यायचं आणि १९०६ ला फोन करायचा.

नळाचा वायसर बदलणं

जुन्या पद्धतीचा, मूठ चार-पाच वेळा फिरवावी लागणारा नळ असेल तर हे अर्ध्या तासाचं काम आहे. पाव फेरीत उघडणाऱ्या नव्या नळात वायसर नसतो, आत सिरॅमिकच्या चकत्यांचं कार्ट्रिज असतं. तेच काढून दुकानात न्यावं आणि तसंच आणावं.

१. गच्चीवर जाऊन त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा. मग नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ द्या. मोरीच्या जाळीवर फडकं टाका. स्क्रू नेमका तिथेच पडतो.

२. मुठीचा स्क्रू काढून मूठ वर ओढा. खाली पितळी नट दिसेल. तो पान्याने घड्याळाच्या उलट्या दिशेने सोडवा. दुसऱ्या हाताने नळाचं अंग घट्ट धरा. नाहीतर नळासकट भिंतीतला पाइप पिळतो आणि दहा रुपयांचं काम टाइल फोडण्यावर जातं.

३. आतला दांडा म्हणजे स्पिंडल बाहेर येईल. त्याच्या टोकाला काळी रबरी चकती असते, तोच वायसर. तो खिशात टाकून दुकानात जा, तोंडी माप सांगू नका. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी "ताई, साहेबांना पाठवा" म्हणून सांगितलं. साहेबांना पाना कुठल्या खणात आहे तेही ठाऊक नाही.

४. नवा वायसर बसवण्याआधी नळाच्या आत जिथे तो टेकतो त्या कडेवरून बोट फिरवा. गुळगुळीत लागली तर ठीक. खडबडीत, खाचा पडलेली असेल तर नवा वायसरही पंधरा दिवसांत फाटेल. सरळ नळ बदला.

५. सगळं उलट क्रमाने लावा. नट हाताने पूर्ण बसवून मग पान्याने फक्त थोडा आवळा. जास्त जोर लावला की पितळेचे आटे जातात.

टेफ्लॉनची टेप लागते ती नळ भिंतीत बसवताना, आट्यांवर, घड्याळाच्या दिशेने आठ-दहा वेढे. उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना सगळी सुटून येते.

स्वयंपाकघर

इथे दोनच गोष्टी केल्या. फ्रिजचा वरचा पुढचा कप्पा "आधी हे" म्हणून ठेवला. उरलेलं सगळं तिथेच, काचेच्या किंवा झाकण उघडल्याशिवाय दिसेल अशा डब्यात. आणि उद्याच्या डब्याची भाजी आज रात्री, जेवणाची भांडी आवरताना, या कप्प्याकडे बघून ठरवायची. पोळीचा कुस्करा, फोडणीचा भात हे कुणाला शिकवायला नको. एवढंच, की उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये गेला पाहिजे, उन्हाळ्यात तर आणखी लवकर.

कुकरसाठी: तूरडाळ अर्धा तास आधी भिजत टाका. तिन्ही भांडी भरूनच कुकर लावा. डाळ, भात आणि तिसऱ्यात बटाटे, भोपळा, बीट जे असेल ते. शिट्टी आली की गॅस बारीक, आणि बंद केल्यावर वाफ आपली आपण जिरू द्या, शिट्टी उचलून काढू नका. त्या वाफेत डाळ शिजतच असते. सिलिंडरवर लावल्याची तारीख खडूने लिहिली की आपलं आपल्याला कळतं. आमचा १४.२ किलोचा सिलिंडर आधी दीड महिना जायचा, आता आठवडाभर जास्त जातो. पंचपक्वान्नं थांबली नाहीत, झाकणं लागायला लागली.

सासूबाईंना यातलं काहीच नवीन वाटलं नाही. त्या तूप कढवल्यावर उरलेली बेरी आजही थालीपिठाच्या भाजणीत मळतात. दोडक्याच्या शिरा तर त्यांनी मला कधी टाकूच दिल्या नाहीत. ती चटणी अशी: तीन कोवळ्या दोडक्यांच्या शिरा धुऊन, फडक्यावर कोरड्या करून बारीक चिरायच्या. आधी दोडक्याचा तुकडा जिभेवर ठेवून बघायचा. कडू असेल तर दोडका, शिरा, सगळं टाकून द्यायचं, कडू दोडका किंवा दुधी पोटात जाता कामा नये. लोखंडी तव्यावर दोन चमचे तेल, त्यात शिरा, मंद आचेवर. पहिली पाच मिनिटं त्या मऊ पडतात आणि वाटतं की फसलं. तशाच हलवत राहायच्या. मग कडा तपकिरी होतात आणि उलथन्याला खरखर आवाज यायला लागतो. तेव्हा दोन चमचे तीळ, दोन चमचे किसलेलं सुकं खोबरं, चार लसणीच्या पाकळ्या ठेचून. तीळ तडतडले की गॅस बंद करून तिखट-मीठ. वाटीभर होते. भाकरीबरोबर ती संपते आणि दोडक्याची भाजी उरते, हा एक वेगळाच प्रश्न.

पेन्सिल आणि ओल

कुंड्यांचा नाद लागला आणि मी हौसेने गच्चीवर रंगाच्या वीस रिकाम्या बादल्या मातीने भरून ठेवल्या. वीस लिटरची बादली ओल्या मातीने भरली की पंचवीस-तीस किलो होते. म्हणजे गच्चीच्या मध्यावर मी पाचशे-सहाशे किलो वजन मांडलं होतं, तेही थेट स्लॅबवर. फेब्रुवारीत हॉलच्या छताला हाताएवढा डाग आला.

ओल आली की लोक आधी रंगारी बोलावतात. ते शेवटचं काम. आधी डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा आणि तारीख घाला. आठवड्याने पुन्हा. डाग फक्त पावसात वाढत असेल तर पाणी गच्चीतून किंवा भिंतीतून येतंय. कोरड्या दिवसांतही वाढत असेल तर जवळपास नळाची लाइन, संडास-बाथरूम किंवा, माझ्यासारखं, रोज पाणी घातलं जाणारं काहीतरी आहे. माझ्या छतावर तीन आठवड्यांत तीन रेघा झाल्या, एकात एक, झाडाच्या खोडात असतात तशा. फेब्रुवारीत साताऱ्यात कुठला पाऊस! वर जाऊन त्या डागाच्या नेमक्या वरची बादली उचलली तर खाली कोबा हिरवा झालेला आणि केसाएवढी चीर.

चीर बुजवायला एप्रिल-मे धरा, जमीन पूर्ण कोरडी हवी. तारेच्या ब्रशने शेवाळ आणि सुटी माती काढा. केसाएवढी चीर तशीच भरली तर मसाला आत जातच नाही, म्हणून छिन्नीच्या टोकाने ती थोडी उघडून वर रुंद, खाली निमुळती करा. धूळ झाडून, पुसून काढा. मग चिरा भरण्याची तयार पेस्ट पत्र्याच्या पट्टीने दाबून भरा आणि डब्यावर लिहिलंय तेवढं वाळू द्या, घाई करू नका. वरून वॉटरप्रूफिंगचे दोन हात. पहिला उभा मारला तर दुसरा आडवा. छताला रंग त्यानंतर महिन्याभराने, आतली ओल वाळल्यावर.

हे बारीक चिरांसाठी. छताचे पोपडे पडून सळई दिसत असेल, गंजाचे तांबडे ओघळ असतील किंवा बीमला तडा असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, इंजिनिअरला दाखवा. विजेच्या वायरिंगचंही तेच. तिथे वाचवलेले पैसे मला नकोत.

कुंड्या आता गच्चीच्या कडेने, भिंतींच्या रेषेवर, प्रत्येकीखाली दोन विटा. खालून हवा जाते आणि पाणी कुठे साचतंय ते दिसतं. मृग लागायच्या आत गच्चीच्या पन्हळीत हात घालून पालापाचोळा काढायचा. जूनमध्ये निम्म्या गच्च्या तुंबतात त्या एवढ्यावरूनच.

काय लावावं

गच्चीवर कांदे-बटाटे पिकवायच्या फंदात पडू नका. ते बाजारातून आणलेलेच बरे. वही उघडा: जे थोडंसं लागतं, जुडीने घ्यावं लागतं आणि अर्धं सडतं, ते लावा. आमच्या यादीत कोथिंबीर, कढीपत्ता, हिरवी मिरची, पुदिना, गवती चहा आणि मेथी आलं. अळू लावावं मोरीचं पाणी जातं तिथे, पूर्वी परसात असायचं तसं. आमच्याकडे परस नाही, म्हणून मोठ्या टबात आहे आणि त्याला तांदूळ-भाज्या धुतल्याचं पाणी मिळतं.

सुरुवात मेथीने करा, ती निराश करत नाही. डब्यातलेच दाणे रात्रभर भिजवा. फळांच्या क्रेटमध्ये गोणपाट अंथरून वीतभर माती भरा, दाणे दाट पसरा, वर बोटाच्या पेराएवढीही नको इतकी पातळ माती. तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याभरात भाजी. उपटू नका, कात्रीने वरून कापा. दुसऱ्यांदा फुटते, पहिल्याइतकी नाही. कोथिंबिरीचे धने लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा, उगवायला आठ-दहा दिवस लागतात. उन्हाळ्यात ती सावलीत ठेवली नाही तर पानांआधी फुलं येतात. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी फवारा.

खत घरचंच. झाकणाच्या दोन बादल्या, तळाला आणि बाजूंना भोकं. तळाशी सुका पाला, मग रोजचा भाजीचा कचरा आणि त्याच्या दुप्पट सुका पाला. आठवड्याला एकदा ढवळायचं, अधूनमधून आंबट ताकाचा हबका. एक भरली की तिला विश्रांती, दुसरी सुरू. दोन-अडीच महिन्यांत काळं, भुरभुरीत, पहिल्या पावसाच्या वासाचं खत होतं. वास घाण येत असेल किंवा अळ्या झाल्या असतील तर पाणी जास्त झालंय, मूठ-मूठ सुका पाला घाला. मी पहिल्या बादलीत उरलेलं वरण आणि तळणीचं तेल ओतलं होतं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू नाकाला पदर लावून विचारायला आल्या, "उंदीर मेलाय का गं कुठे?"

जूनच्या पहिल्या पावसानंतर कठड्याजवळच्या दोन बादल्यांत दोडक्याच्या बिया टोचा, प्रत्येकीत तीन, आणि उगवल्यावर जोमाचं एकच रोप ठेवा. जुन्या नायलॉनच्या दोरीचा मांडव पुरतो. दोन महिन्यांनी शिरा काढायला दोडके घरचे.