चष्म्याच्या काचा टाकण्याआधी पीडी लिहून घ्या

आधी पीडी. म्हणजे दोन्ही बुबुळांच्या मध्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. मागच्या चष्म्याला माझी नेमकी हीच राहिली आणि नंबर बरोबर असूनही डोकं ठणकत राहिलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नंबर असतो, पीडी बहुतेक वेळा नसते. ती मागून घ्या, डाव्या-उजव्या डोळ्याची वेगवेगळी: ३१ आणि ३३, अशी. नुसतं ६४ चालत नाही, कारण नाक सगळ्यांचं बरोबर मध्यावर नसतं.

जुना चष्मा सोबत न्यायचा, हे काय सांगायचं. शुगर वर-खाली होत असेल तर नंबर काढूच नका. साखरेबरोबर नंबरही हलतो. डोळ्यांत थेंब घालून तपासणार असतील तर मिरजेहून स्वतः गाडी चालवत परत यायचा बेत नको. चिठ्ठी हातात आली की प्लस-मायनस, सिलिंडर (तिरपा नंबर), ॲक्सिस (त्या तिरप्या नंबरचा कोन, अंशांत) तिथल्या तिथे वाचा. ॲक्सिस ८० चा १८० लिहिला गेला तर काचा फुकट गेल्या.

फ्रेम आधी ठरवा, काच नंतर. काडीच्या आत ५२, १८, १४० असे आकडे असतात: काचेची रुंदी, नाकावरचं अंतर, काडीची लांबी. पहिल्या दोघांची बेरीज ७०. तुमची पीडी ६२ असेल तर प्रत्येक काचेचा मध्य ४ मिमी आत घ्यावा लागतो आणि मायनस नंबरची कानाकडची कड जाड होते. मोठा नंबर असेल तर ४६-१८ सारखी लहान फ्रेम बघा. आणि मध्य आत घेतलाच नाही तर? उणे ६ नंबरला ३ मिमीची चूक म्हणजे एका डोळ्याला १.८ प्रिझम, म्हणजे दिसणारं चित्र तेवढं बाजूला सरकतं. डोळे दिवसभर ओढल्यासारखे होतात. म्हणून म्हणतोय, पीडी.

काचेचं म्हणाल तर २ नंबरपर्यंत साधी १.५० इंडेक्सची पुरते (इंडेक्स जितका मोठा तितकी काच पातळ), ४ च्या पुढे १.६०, ६ च्या पुढे १.६७. लहान मुलांना पॉलीकार्बोनेट, ती सहजासहजी फुटत नाही. पण मोठ्या नंबरला तिच्या कडेने बघताना रंगीत झालर दिसते. रिमलेसला, म्हणजे काचेला भोकं पाडून जोडलेल्या बिनकडेच्या फ्रेमला, १.५० टाकू नका, भोकापाशी तडकते. अँटीग्लेअर घ्या. ब्लू कटवर, म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेवर, जादा पैसे घालू नका. वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात त्याने डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचं दिसलं नाही. उन्हात काळी होणारी काच चारचाकीत फारशी काळी होत नाही, पुढची काच अतिनील किरण अडवते.

प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत लांबचा आणि वाचायचा नंबर, घेणाऱ्यांनी इथे घाई करू नये. आधी फ्रेम नाकावर नीट बसवून घ्या, मगच फ्रेमसोबत आलेल्या डमी काचेवर पेनने बुबुळासमोर ठिपका. माप घेणारा तुमच्या डोळ्यांच्या पातळीत बसलेला हवा. काउंटरमागे उभं राहून घेतलेला ठिपका चुकतो. ठिपक्यापासून खालच्या कडेपर्यंत १८ मिमी तरी असू द्या, नाहीतर वाचायचा भाग कापला जातो. इथेही पीडी दोन्ही डोळ्यांची वेगळीच. फक्त वाचायचा चष्मा असेल तर जवळची पीडी सांगा, ती साधारण ३ मिमी कमी भरते.

चष्मा आला की दुकानातच मशीनवर नंबर आणि दोन मध्यांमधलं अंतर तपासून घ्या, चिठ्ठीशी ताडून. जत-आटपाडीहून आलेल्यांनी तर नक्कीच, परत यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. एकदा जिना उतरून बघा. पुसण्याआधी पाण्याने धुवा. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, कोटिंगला तडे जातात. पीडीचा कागद पाकिटात ठेवा.