मेनूत सात देश, गॅसवर चार बर्नर

माझा धंदा गॅस शेगड्या दुरुस्तीचा. घरच्या शेगड्याही करतो, पण पोट चालतं ते हॉटेलांच्या भट्ट्यांवर. २६ वर्षं झाली. नागपुरातल्या बऱ्याच हॉटेलांत मी पुढच्या दारानं कमी आणि मागच्या दारानं जास्त गेलोय. त्यामुळे कुठंही जेवायला बसलो की मेनूकार्ड नंतर, आधी मान वाकडी करून भट्टी पाहतो. घरचे वैतागतात. पण ही खोड एका ठिकाणी भलतीच कामाला आली.

प्रतापनगरच्या बाजूला एका गल्लीत दहा टेबलांचं हॉटेल आहे. नाव सांगत नाही. दहाच टेबलं आहेत आणि त्यातलं एक मला लागतं. आत गेलात की पहिल्यांदा खुर्च्या दिसतात. एकीची दुसरीशी जोडी नाही. एक सलूनची आहे, मान टेकवायच्या उशीसकट. माझी आई तिच्यावरच बसते. भिंतीवर सात घड्याळं, खाली कैरो, मनिला, बँकॉक अशी नावं, आणि सातही घड्याळांत नागपूरचीच वेळ. विचारलं तर मालक म्हणाला, “जेवणाऱ्याला इथलाच टाइम पाह्यजे ना भाऊ.” मेनू लाल कापडी बांधणीच्या खतावणीत हातानं लिहिलेला आहे. ६४ पदार्थ. सगळ्यात महाग २२० रुपये, बाकी बहुतेक दीडशेच्या आत.

मालक मूळचा पुलगावचा. अकरा वर्षं दोहात होता, एका बांधकाम कंपनीच्या कॅम्पमधल्या भटारखान्यात. तिथं इजिप्तचे, फिलिपिन्सचे, नेपाळचे, केरळचे मजूर एकाच रांगेत ताट घेऊन उभे राहायचे. त्यांना रोज जे लागायचं ते तो शिकला. मेनूतला हा भाग अस्सल. उरलेला भाग गिऱ्हाइकांनी मागितला म्हणून घातलेला. कुठला कुठला हे खतावणीत लिहिलेलं नाही, ते आपल्याला ओळखावं लागतं. त्यासाठी हा लेख.

मला ते कळलं बर्नरवरून. मागच्या पावसाळ्यात फोन आला, “मधला बर्नर फडफडून राहिला, ज्योत पिवळी पडली.” ज्योत पिवळी म्हणजे हवा कमी पडतेय, भांडी काळी होणार आणि गॅस वाया जाणार. बर्नर काढला तर अर्धी छिद्रं काळ्या चिकट खळीनं बुजलेली. पिन घालून खरवडायला लागलो आणि वास आला भरताचा. वांगं थेट ज्योतीवर भाजलं की त्याचा रस गळतो, छिद्रात जळतो, दगडासारखा बसतो. विदर्भातल्या घरोघरच्या शेगड्यांचं हे दुखणं मला पाठ आहे. “वांगे भाजता का इथं?” म्हटलं तर त्यानं खतावणी उघडून बाबा गनूशवर बोट ठेवलं. भाजलेलं वांगं, तिळाची पेस्ट, लसूण, लिंबू. तेव्हाच समजलो की हा पदार्थ इथं डब्यातला नाही. त्याच दिवशी मजुरीतले शंभर रुपये सोडून जेवूनच निघालो.

तेव्हा पहिला नियम: मेनू देशांप्रमाणे वाचू नका, बर्नरप्रमाणे वाचा. स्वयंपाकघराच्या खिडकीजवळचं टेबल मिळालं तर सगळं दिसतं. एका बर्नरवर कायम उकळतं पाणी. त्यावर पास्ता, नूडल्स, आणि वर मोमोची चाळणी. दुसरी हाय प्रेशरची भट्टी, तिच्यावर मोठी कढई. तिचा घूं आवाज पार गल्लीत येतो. तिसऱ्यावर मंद आचेची पातेली. चौथ्यावर तेलाची कढई किंवा वांगं. ६४ पदार्थ या चारांतूनच निघतात. जो पदार्थ चारांपैकी एकाही बर्नरवर बसत नाही, तो मागवू नका.

हे मी पोरीला सांगितलं होतं. तरी तिनं लझान्या मागवला. लझान्याला ओव्हन लागतो. ओव्हन तिथं आहे, पण त्यावर टिश्यू पेपरची खोकी रचलेली होती आणि वायर गुंडाळून रबर लावलेलं. जे आलं ते तव्यावर झाकण ठेवून वाफवलेलं, वरचं चीज घामेजलेलं. पिझ्झाचंही तेच. पोरगी म्हणाली, “बाबा, तुम्ही आधीच का नाही सांगितलं?” सांगितलं होतं.

मंद आचेच्या पातेल्यांकडं सगळ्यात आधी वळा, कारण त्यात काय आहे ते दुपारीच ठरलेलं असतं. तिथला चिकन अडोबो फिलिपिन्सचा. व्हिनेगर, सोया सॉस, भरपूर लसूण, तमालपत्र, अख्खी मिरी. नाव स्पॅनिश लोकांनी दिलेलं, मुरवणं या अर्थाचं. व्हिनेगरमुळे रस्सा लवकर आंबत नाही. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ ला जातो तेव्हा मला बाहेर रस्सा खायची भीती वाटते, पण हा मी बिनधास्त खातो. दुसऱ्या दिवशी तर जास्तच लागतो. एक विनंती, त्यावर तर्री ओतून घेऊ नका. इथं तर्रीची वाटी वेगळी मिळते, नागपूर आहे, द्यावीच लागते. शेजारच्या टेबलावरच्या एका भाऊंनी ती अख्खी वाटी अडोबोत उपडी केली आणि मग म्हणाले, “सावजीसारखंच तं आहे.” होणारच.

कोशारी ९० रुपयांना आहे आणि एका माणसाचं पोट भरतं. इजिप्तमध्ये हातगाडीवर मिळणारं हे जेवण: भात, अख्खा मसूर, मॅकरोनी, काबुली चणे, वर टोमॅटोचा सॉस, लसूण घातलेलं व्हिनेगर आणि कुरकुरीत तळलेला कांदा. नावाचं नातं काही जण आपल्या खिचडीशी लावतात. मेनूत वाचून आमच्या घरात कुणालाच पटलं नव्हतं, भातात मॅकरोनी म्हणजे काय? पण हा पदार्थ तीन बर्नरवरून गोळा होतो आणि त्यातलं काहीच वाया जात नाही, म्हणून तो रोज ताजा असतो. कांदा मात्र वेगळ्या वाटीत मागा. वर घालून आणला की सॉसनं पाच मिनिटांत मऊ पडतो.

फलाफल आईसाठी मागवलं, दातांना जमेल की नाही ही शंका होती. तिनं एक तोडलं, आत पाहिलं आणि म्हणाली, “अरे, हे तं आपले वडाभाताचे वडे होय.” तिचं फार चुकलं नाही. भिजवलेले काबुली चणे कच्चेच भरड वाटायचे आणि तळायचे. आपल्या वड्याला डाळी भिजवून वाटतो तसंच. चणे आधी शिजवले तर तेलात विरघळतात. इथं ते संध्याकाळी सहाला वाटतात, म्हणून सातला गेलात तर आतून हिरवे, हलके मिळतात. नऊनंतर तेल दमलेलं असतं. हिरवे कशामुळे? सांबारामुळे. पुण्याहून आलेल्या माझ्या साडूला वेटरनं विचारलं, “हुमसवर सांबार टाकू का?” तो घाबरून नको नको म्हणाला. आमच्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्याला घरी येऊन समजावलं.

मोमो आणि थुक्पा, म्हणजे नूडल्सचं पातळ सूप, करणारा पोरगा गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावचा. तिथं १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोर्गेलिंग. म्हणजे खतावणीतला सगळ्यात लांबचा वाटणारा पदार्थ खरं तर सगळ्यात जवळून आलाय. मोमोच्या कडा तो हातानं दुमडतो, पारी पातळ असते. थुक्पा थंडीतच घ्या.

थंडीचं आणखी एक सांगतो, हे तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही. डिसेंबरात रात्री पारा दहाच्या आसपास येतो. सिलिंडरमधून गॅस जोरात ओढला की आतलं द्रव गार पडतं, बाहेर दंव धरतं, दाब उतरतो. हॉटेलचं सिलिंडर १९ किलोचं असलं तरी सतत चालणाऱ्या मोठ्या भट्टीला ते एकटं पुरत नाही. मग साडेनऊच्या पुढं भट्टीचा घूं आवाज फुस्स होतो. आवाज गेला की पॅड थाय, हक्का, फ्राइड राइस, काही मागवू नका. कढई तापत नाही, नूडल्स परतले जाण्याऐवजी वाफेत गिजगिजतात. त्या वेळी उकळत्या पाण्यातलं घ्या. रविवारी तेच होतं, फक्त कारण वेगळं. गर्दीत कढईत एकदम पाच प्लेटी पडतात आणि कितीही मोठी भट्टी असो, कढई गार होते. म्हणून रविवारी नको, मंगळवार सोडून आठवड्यात कुठल्याही दिवशी सातला जा.

भट्टी जोरात असेल तर पॅड थाय घ्याच. चिंच, गूळ, वरून फल्लीदाणे. आपल्या जिभेला ओळखीचं पडतं. थाय करी मात्र टाळा. तिला गलंगल आणि मकरूट लिंबाची पानं लागतात. इथं त्याऐवजी आलं आणि घरच्या लिंबाची पानं घालतात, आणि गवती चहा हात मोकळा सोडून. आईनं दोन चमचे घेतले आणि विचारलं, “सर्दीचा काढा आहे का?”

ऑर्डर देताना “काय चांगलं आहे?” असं विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे, सगळंच. “दुपारी काय शिजवून ठेवलं?” आणि “तुम्ही स्वतः काय जेवले?” हे दोन प्रश्न पुरतात. दुसऱ्या प्रश्नावर मालक लाजतो आणि खरं सांगतो. एकदा “चून-भाकर” म्हणाला, म्हणजे पिठलं-भाकरी, आणि आणूनही दिली, बिलात लावली नाही. तिघं असाल तर चार पदार्थ: एक भाताचा, एक तळणीचा, एक पातेल्यातला, एक पातळ. दोन-दोन करून आणायला सांगा, नाहीतर एवढ्याशा टेबलावर प्लेटा मांडीवर घ्याव्या लागतात. तिखटाबद्दल काही बोलू नका. “मध्यम” म्हटलं तरी नागपुरी मध्यम येतं.

बिलाचं थोडक्यात. कुठंही सर्व्हिस चार्ज परस्पर लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. आणि लहान हॉटेल कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या ठोक दराच्या सोयीत, असेल तर जीएसटी वेगळा जोडता येत नाही. इथं बिल खतावणीच्याच कागदावर येतं, बेरीज मात्र एकदा पाहा. मालकाची चूक नेहमी स्वतःच्या तोट्याची असते, सांगितलं तर दुरुस्त करतो आणि एक चहा पाजतो.

पार्सल न्यायचं तर अडोबो आणि कोशारी न्या. मोमो नका नेऊ, गाडीवर दहा मिनिटांत एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना पारी फाटते.

मंगळवारी बंद. त्या दिवशी शटर अर्धं वर दिसलं, आत उजेड दिसला, तरी येऊ नका. मी असतो, बर्नर उघडून बसलेला, वांग्याची खळ खरवडत.