किडनीच्या आजारावर एआय प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

आमच्याकडे संभाजीनगरात शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट सुरू झाले, की एखादा तरी ग्रुप 'एआयने क्रॉनिक किडनी डिसीज ओळखा' घेऊन येतोच. डेटाही ठरलेला. यूसीआय या फुकट डेटाच्या साइटवरची ४०० पेशंटची फाइल, तामिळनाडूतल्या हॉस्पिटलची. २५० आजारी, १५० नाहीत. फाइल उतरवायची, रिकाम्या जागी सरासरी कोंबायची, रँडम फॉरेस्ट नावाचं तयार मॉडेल चालवायचं, की अचूकता ९९ टक्के. मग पेढे.

एक ग्रुप तर १०० टक्के घेऊन आला. म्हटलं, "सगळे आकडे काढा. कुठली जागा भरलेली आणि कुठली रिकामी, एवढंच मॉडेलला द्या." पोरं हसली. चालवून बघितलं तर तरीही अचूकता ऐंशीच्या आसपास! क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा, किडनीने गाळायचा कचरा) नाही, हिमोग्लोबिन नाही, तरी ऐंशी. कारण त्या फाइलीत लाल पेशींचा रकाना १५२ ओळींत रिकामा आहे आणि त्यातल्या बहुतेक ओळी आजारी माणसांच्या आहेत. म्हणजे मॉडेल किडनीसोबत फॉर्म कसा भरलाय तेही वाचत होतं. "पण सर, पेपरमध्येही एवढीच येते," हे उत्तर तर पाठच असतं सगळ्यांचं.

मी मॉडेलला हात लावायच्या आधी कागद घेऊन बसतो. कुठला रकाना किती रिकामा, आजाऱ्यांत किती, निरोग्यांत किती, हे हाताने लिहून काढतो. डेटा आधी ट्रेनिंग (शिकवायचा) आणि टेस्ट (तपासायचा) अशा भागांत विभागायचा, रिकाम्या जागा मग भरायच्या, त्याही फक्त ट्रेनिंगच्या भागातल्या सरासरीने. कंटाळवाणं आहे, पण घाई असेल त्याने दुसरा विषय घ्यावा.

आणखी एक गंमत: काही ओळींत 'सीकेडी' (क्रॉनिक किडनी डिसीज) या लेबलामागे न दिसणारा टॅब चिकटलेला असतो, त्यामुळे दोनाचे तीन वर्ग होतात. रकान्यातल्या वेगवेगळ्या किमती आधी छापून बघा.

क्रिएटिनिन एका लॅबचं मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, दुसऱ्याचं मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये असेल तर ८८.४ पटीचा घोळ होतो.

गावातल्या तपासणी शिबिरात मॉडेल लावणार? फाइलीत ६२.५ टक्के आजारी आहेत, गावात तसं नसतं. समजा १००० लोकांत १०० आजारी आणि मॉडेल दोन्हीकडे ९० टक्के बरोबर. आजारी पकडले ९०, निरोगी विनाकारण घाबरवले तेही ९०.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. एकाच रिपोर्टवर निकाल. बीडकडचा ऊसतोड कामगार घ्या. दिवसभर उन्हात, पाणी कमी, कंबर धरली की पेनकिलर. अशात रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं येऊ शकतं, आणि पाणी-विश्रांती मिळाल्यावर उतरूही शकतं. उलट अंगावर मांस नसलेल्या म्हाताऱ्याचं क्रिएटिनिन कमी दिसतं आणि बिघडलेली किडनी झाकली जाते. क्रॉनिक म्हणायला ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) ६० च्या खाली किंवा लघवीत अल्ब्युमिन (एक प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० च्या वर, असं काहीतरी किमान तीन महिने टिकलेलं लागतं. त्यात पुन्हा क्रिएटिनिनवरूनच लेबल ठरवायचं आणि तेच मॉडेलला खायला घालायचं, म्हणजे उत्तरपत्रिका समोर ठेवून परीक्षा.

फाइलीत दुसऱ्या तपासणीच्या तारखेचा रकाना नसेल, तर शीर्षकातलं 'क्रॉनिक' मी खोडायला लावतो. पोरं रुसतात. रुसू देत.