बीसीडी घेताना आधी उचलीचा हिशेब, मग अंगावर बसणं

तारकर्लीला प्रशिक्षकाचा हात धरून एकदा पाण्याखाली जाऊन आलेल्यांनी बीसीडी, म्हणजे अंगावर चढवून हवा भरत-सोडत तरंगणं सांभाळायचं साधन, विकत घेऊ नये. ओपन वॉटर हा डाइव्हिंगचा पहिला कोर्स झाला आणि वर्षाला पंधरा-वीस डाइव्ह होऊ लागल्या, की मग विचार करावा. त्याआधी मास्क, फिन आणि डाइव्ह कॉम्प्युटर स्वतःचे असावेत.

दुकानात पहिला आकडा सांगतात तो उचलीचा. ही मुकादमाकडची उचल नव्हे. पिशवी पूर्ण फुगल्यावर पाण्यात किती किलो वर धरते, तो हा आकडा. एक लिटर हवा समुद्राच्या पाण्यात साधारण एक किलो उचलते. आपल्याला किती लागेल, हे घरीच काढता येतं.

अंदमान किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाचं कोमट पाणी, 3 मिमीचा पूर्ण वेटसूट (रबरी पोशाख) आणि 11.1 लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर धरा. 207 बारला भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे 2,300 लिटर हवा असते आणि तिचं वजन पावणेतीन किलोच्या आसपास भरतं. डाइव्हच्या शेवटी, सिलिंडर जवळजवळ रिकामा असताना, 5 मीटरवर नीट तरंगायचं अशा हिशेबाने शिशाची वजनं लावलेली असतात, त्यामुळे सुरुवातीला ही हवा तुम्हाला खाली ओढते. त्यात सूट दबतो. 30 मीटरवर दाब चौपट होतो आणि पृष्ठभागावर दोन किलो उचलणारा सूट तिथे जेमतेम अर्धा किलो उचलतो. म्हणजे तळाशी पिशवीने भरून काढायचे झाले सव्वाचार किलो. आता पृष्ठभागावरचं पाहा: भरलेल्या सिलिंडरचे पावणेतीन किलो, शिवाय डोकं पाण्याबाहेर ठेवायला चार-पाच किलो. शेवटची परीक्षा म्हणजे बीसीडी अंगावरून काढली तर ती सिलिंडर, रेग्युलेटर (सिलिंडरमधून श्वास घ्यायचं यंत्र) आणि खिशातल्या वजनांसकट तरंगली पाहिजे. खिशात चार किलो शिसं असेल, तर त्याला साधारण सहा किलो लागतात.

तिन्हींपैकी मोठा आकडा आठच्या आत आहे. थोडी मोकळीक धरून 12 ते 14 किलोची उचल पुरते. तरीही 20 किलोची पिशवी ‘जास्त सुरक्षित’ म्हणून गळ्यात मारतात. तिचा फायदा काही नाही. रिकामं कापड सिलिंडरभोवती वळतं, पोहताना पाणी अडवतं आणि घडीत अडकलेली हवा ऐन वेळी बाहेर पडत नाही. थंड पाण्याची गोष्ट वेगळी. ब्रिटनमध्ये 7 मिमी सूट घालणाऱ्याची तळाशी सूटची पाच-सहा किलो उचल सहज जाते, त्याने आपला हिशेब नव्याने करावा.

मग प्रकार. जॅकेटमध्ये हवा कुशीतही भरते, पृष्ठभागावर माणूस ताठ उभा राहतो आणि नवख्याला ते आवडतं. पण फुगल्यावर छाती आवळते. मागे फुगणाऱ्या बीसीडीत छाती मोकळी राहते आणि पाण्याखाली शरीर आडवं ठेवणं सोपं जातं. पृष्ठभागावर मात्र गच्च फुगवली तर ती तोंडावर पाडते. अशा वेळी थोडी हवा सोडायची, पाय पुढे घेऊन मागे रेलायचं आणि वजनं कमरेच्या पुढून पाठीकडे सरकवायची. कोणतीही बीसीडी लाइफजॅकेट नव्हे. बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्यावर राहील अशी हमी ती देत नाही.

तिसरा पर्याय बॅकप्लेट (पाठीवरची धातूची प्लेट) आणि विंग (तिच्यामागे बसणारी हवेची पिशवी). स्टीलची प्लेट साधारण अडीच किलोची, तेवढं शिसं कमरेवरून कमी होतं. पट्टा अंगाच्या मापाने बसवता येतो आणि एखादा भाग खराब झाला तर तेवढाच बदलता येतो. जो शिकत राहणार आहे, त्याने हीच घ्यावी असं आमचं स्पष्ट मत. श्री विजयपुरमच्या (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) विमानात 15 किलोचं सामान न्यायचं असेल, तर ॲल्युमिनियमची प्लेट किंवा दोन-अडीच किलोची प्रवासी बीसीडी बघा.

माप टी-शर्टवर घेऊ नका, सूट घालून घ्या. सगळे पट्टे लावून झडप हवा सोडेपर्यंत फुगवा आणि खोल श्वास घ्या. बरगड्या अडल्या तर माप लहान आहे. मग दुसऱ्याला खांद्याचे पट्टे धरून वर ओढायला सांगा. बीसीडी कानापर्यंत सरकली, तर पाण्यातही तशीच सरकणार. डोळे मिटून डाव्या हाताने इन्फ्लेटर (हवा भरायची-सोडायची बटणं असलेला भाग) आणि उजव्या हाताने मागची खालची झडप सापडते का, तेही बघा. डोकं खाली असताना हवा सोडायला हीच झडप कामी येते. इन्फ्लेटरमध्येच ऑक्टोपस (श्वास घ्यायचं जादा तोंड) असेल, तर त्याची जोडणी बहुधा वेगळी असते आणि रेग्युलेटरची नळी बदलावी लागते. वजनांचे खिसे एका झटक्यात सुटले पाहिजेत, पण उलटं लटकल्यावर आपोआप गळता कामा नयेत.

सर्वांत धोकादायक बिघाड म्हणजे इन्फ्लेटरचं बटण अडकणं. आत मीठ साठतं, वाळूचा कण बसतो, हवा भरतच राहते आणि माणूस वर फेकला जातो. एका हाताने झडप ओढून हवा सोडत दुसऱ्या हाताने हवेची नळी इन्फ्लेटरपासून सोडवायची. हातमोजे घालून ही जोडणी सुटते का, हे खरेदीच्या वेळीच करून बघा. दुसरी नेहमीची तक्रार सिलिंडर घसरण्याची. पट्टा कोरडा असताना आवळला तर भिजल्यावर सैल होतो, म्हणून आधी भिजवा, मग आवळा आणि बीसीडी धरून सिलिंडर हलवून बघा.

प्रत्येक दिवसानंतर नळीतून गोडं पाणी आत ओता, हलवा आणि खालच्या झडपेतून काढा. अर्धी फुगवून सावलीत टांगा. इन्फ्लेटरची वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करा. सेकंडहँड घेत असाल, तर गच्च फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडली असेल तर पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघा. झडपेतून येत असतील तर ती उघडून धुवा, बहुतेकदा वाळू किंवा केस निघतो. शिवणीतून येत असतील, तर परत द्या.