ऑप्शन फॉर्म भरण्याआधीची पायपीट

इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला तेव्हा लेकीला निम्म्या महाराष्ट्राचे कटऑफ पाठ होते, पण यादीतलं एकही कॉलेज तिनं डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. म्हटलं, चार वर्षं राहायचंय तिथं, ऑप्शन फॉर्मात कॉलेजांचा पसंतीक्रम भरण्याआधी एकदा बघून तरी येऊ.

आमची पहिली चूक वेळेची. जूनमध्येच कराडहून एस.टी.नं सांगलीला वालचंद कॉलेजला गेलो. सुट्ट्या होत्या, त्यामुळे झाडं आणि वॉचमन एवढंच भेटलं. कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, मग तात्पुरती आणि अंतिम गुणवत्ता यादी, यात बरेच दिवस जातात. तोवर वरच्या वर्गांचे तास बहुधा सुरू होतात. जायचं ते तेव्हा, आणि शनिवार-रविवार सोडून. आम्ही सांगलीला दुसरी फेरी मारली ती अशीच.

पुण्याजवळच्या एका खाजगी कॉलेजात मात्र आमचं जंगी स्वागत झालं. कोल्ड्रिंक, फाइल, सोबत एक काउन्सेलर दादा. भिंतीवर एकाच मुलाचा फोटो आणि त्याचं पॅकेज, माझ्या उंचीएवढ्या अक्षरांत. लेकीनं विचारलं, "सर, ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन शाखेच्या) किती जणांना नोकरी लागली?" सरांनी आम्हाला एसी ऑडिटोरियम दाखवलं. लॅबला कुलूप होतं, किल्ली यायला वीस मिनिटं लागली. आत खिळ्याला रजिस्टर टांगलेलं होतं, ते मी सहज उघडलं. शेवटची नोंद फेब्रुवारीची, आणि महिना होता जुलै. सुट्ट्या धरल्या तरी मार्च-एप्रिल कुठे गेले?

तेव्हापासून आम्ही ऑफिसात आधी जायचंच सोडलं. आधी गेटबाहेरची चहाची टपरी. तिसऱ्या वर्षाची पोरं तिथं खरं बोलतात, पण आईसमोर नाही. म्हणून मी लांब बाकावर बसायचे आणि लेक एकटी बोलायची. मेसचं पाणी, रात्री लायब्ररी किती वाजेपर्यंत, कोणता विषय स्वतःच शिकावा लागतो, हे सगळं तिला तिथं कळलं. मुलींचं होस्टेल सगळ्यांना मिळतं का, हेही विचाराच. नाहीतर फीपेक्षा बाहेरच्या खोलीचं भाडं जड जातं.

शिवाजीनगरला सीओईपी कॉलेजची जुनी दगडी इमारत आणि नदीकाठचा बोट क्लब बघून लेक हरखली. १८५४ पासूनची संस्था, हरखणारच. माटुंग्याला व्हीजेटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलींपेक्षा तिनं लोकलची गर्दीच जास्त निरखली. मी काही बोलले नाही. पसंती तिची.

आकड्यांचं काम घरी बसून होतं. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांनी भरलेली माहिती त्यांच्याच वेबसाइटवर असते: किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली, मधला पगार किती. ती फ्लेक्सवरच्या पॅकेजशेजारी ठेवून बघा. नॅकचं मूल्यांकन पूर्ण संस्थेचं असतं, एनबीएचं एकेका शाखेचं. आपल्या शाखेचं आहे का आणि त्याची मुदत संपली नाही ना, ते तपासा. खाजगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, पण बस, मेस, होस्टेल वेगळं. आणि २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना कॅपमधून प्रवेश घेतल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आमच्या शेजारणीला हे ठाऊकच नव्हतं, तिनं कर्जाचा अर्ज आणून ठेवला होता.

एवढी पायपीट कशासाठी? कॅपच्या पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ती जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की होते. नको म्हटलं तर पुढच्या फेऱ्याही गेल्या. म्हणून एक नंबरला नुसतं "बघू तर" म्हणून काही टाकायचं नाही.

फॉर्म भरायच्या रात्री माझ्या मनातलं कॉलेज तिनं सहाव्या नंबरला टाकलं आणि सांगली दुसऱ्या. कारण विचारलं तर म्हणाली, "तिथल्या ताईनं मला लॅबमध्ये तिचा प्रोजेक्ट चालवून दाखवला." मग लॉगिनचा पासवर्ड आठवेना. तो माझ्या दूधवाल्याच्या डायरीत निघाला.