पेटीतला कॅमेरा आणि वापरातला कॅमेरा: जुना फिल्म कॅमेरा कसा पारखावा

जुन्या नाशकातले वाडे उतरवून तिथे इमारती उभ्या राहू लागल्यापासून माळ्यांवरची आणि फडताळांतली विसरलेली चीजवस्तू बाहेर पडू लागली आहे, आणि तिच्यात समया, घंगाळी, पानाचे डबे यांच्याबरोबर चामड्याच्या पेटीतला एखादा फिल्म कॅमेराही असतो. हा कॅमेरा कधी घरातल्याच नातवाच्या हाती पडतो, कधी भंगाराच्या गाडीवरून गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात पथारीवर येतो, तर कधी मोबाइलवर 'चालू स्थितीत, एकदम ओके' अशा शब्दांत विक्रीला लागतो. विकणाऱ्याने 'चालू' म्हटले म्हणजे खटका दाबल्यावर 'खट्' असा आवाज येतो, एवढाच त्याचा अर्थ धरावा. त्या आवाजाआड काय घडते हे घेणाऱ्याने स्वतः तपासायचे असते. त्यासाठी लहान टॉर्च, दात कोरायची काडी, ताजे सेल आणि स्लो मोशन चित्रण करणारा मोबाइल एवढे साहित्य पुरते.

काही वर्षांपूर्वी एकाच मॉडेलचे दोन कॅमेरे माझ्यासमोर एका टेबलावर होते. पहिला पंचवटीतल्या एका घरातला. पेटी, पट्टा, पावती सगळे जागच्या जागी, अंगावर ओरखडा नाही, आणि वीस वर्षांत आत एकही रोल घातलेला नाही. दुसरा लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्या गृहस्थांचा. कोपरे घासून गुळगुळीत झालेले, बुडाच्या झाकणावर ट्रायपॉडने पाडलेले गोल वळ, वाइंडिंगची कळ अंगठ्याने झिजलेली. मी दुप्पट पैसे मोजून पहिला घेतला. घरी आल्यावर एक सेकंदाचा वेग लावून खटका दाबला, तर शटर, म्हणजे फिल्मवर ठरल्या वेळेपुरता उजेड पडू देणारा पडदा, जवळजवळ तीन सेकंद उघडे राहिले, आणि लेन्समध्ये टॉर्च धरली तेव्हा मागच्या भिंगावर कोळिष्टकासारखी बुरशी पसरलेली दिसली. दुसरा कॅमेरा ज्यांनी नेला ते आजही त्यावर काम करतात. यात नशिबाचा भाग थोडा आणि यंत्राच्या स्वभावाचा जास्त आहे. शटरच्या चाकांना लावलेले वंगण वर्षानुवर्षे हलले नाही की थिजते, आणि ज्या पेटीला आपण संरक्षण समजतो तिचे चामडे प्रत्येक पावसाळ्यात ओल धरून ठेवते. म्हणून दोन सारख्या कॅमेऱ्यांमधून निवडायची वेळ आली, तर घासलेला पण नित्य वापरातला कॅमेरा आधी हातात घ्यावा.

बांधणी ओळखताना हातावर भरवसा ठेवावा, पण आंधळा नाही. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नाशिकचे नाव आहे, आणि इथले जुने गिऱ्हाईक भांडे टिचकी मारून, वजन घेऊन पारखते; कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र टिचकी फसवू शकते. १९७६ साली आलेल्या कॅनन एई-१ चे वरचे झाकण धातूचे दिसते, पण ते प्लास्टिकवर चढवलेला धातूसारखा मुलामा आहे. त्याच वर्षी आलेला पेंटॅक्स के१००० हा १९९७ पर्यंत बनत राहिला. त्याचे सुरुवातीचे, 'असाही' हे नाव कोरलेले जपानी नग धातूच्या झाकणांचे आहेत, आणि उत्पादन पुढे हाँगकाँग व चीनमध्ये गेल्यावर प्लास्टिकचे प्रमाण वाढले. निकॉनचा एफएम२ (१९८२) आणि एफएम१० ही नावे सारखी वाटतात, पण दुसरा कोसिना या कंपनीने निकॉनसाठी बनवलेला, प्लास्टिकच्या अंगाचा, वेगळ्याच कुळातला कॅमेरा आहे. प्लास्टिक म्हणजे टाकाऊ, असे मात्र मी म्हणणार नाही. एई-१ ने उत्तम छायाचित्रे निघतात. प्रश्न एवढाच, की चाळीस-पन्नास वर्षांनंतर काय दुरुस्त होऊ शकते. चाके, स्प्रिंगा आणि तरफा कुशल हात पुन्हा चालू करतो. जळलेल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचा सुटा भाग मिळवायला दुसरा कॅमेरा फोडावा लागतो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून मागवलेला विल्यमसन कॅमेरा हाताने फिरवायचा होता, आणि त्या जातीची यंत्रे अजून फिरतात, ती याच कारणाने. पहिलाच कॅमेरा घेणाऱ्याने म्हणून सेलाशिवाय सर्व वेगांवर चालणारे शटर असलेला कॅमेरा निवडावा. पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम व एफएम२, ऑलिंपस ओएम-१, मिनोल्टा एसआरटी-१०१ हे सगळे त्या पंक्तीतले. त्यांत सेल लागतो तो फक्त प्रकाशमापकाला.

आता शटर. इथे घाई करू नये, कारण कॅमेऱ्याचे अर्धे मोल यात आहे. लेन्स काढावी, मागचे झाकण उघडावे, कॅमेरा खिडकीकडे धरावा आणि सर्वांत कमी वेगापासून वर जात प्रत्येक वेगावर दोन-दोन, तीन-तीन वेळा खटका दाबावा. एक सेकंदावर आतून चाकाची बारीक गरगर ऐकू येते. ती एका लयीत सुरू होऊन एका लयीत संपली पाहिजे. मध्येच अडखळणे, शेवटी रेंगाळणे, किंवा पहिल्यांदा अडकून तिसऱ्यांदा सुरळीत होणे ही थिजलेल्या वंगणाची खूण आहे. डिसेंबरात निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत सकाळी लवकर ही तपासणी केली तर उत्तमच, कारण दुपारच्या उन्हात सैल पडणारे वंगण थंडीत आपले खरे रूप दाखवते. कानावर विश्वास नसेल तर मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींचे चित्रण करावे आणि शटर उघडे दिसणाऱ्या चौकटी मोजाव्यात: एक सेकंदाला साधारण २४०, १/८ ला ३०, १/३० ला ८, १/६० ला ४. एखाद्या चौकटीचा फरक सोडून द्यावा. त्याहून जलद वेग या रीतीने मोजता येत नाहीत; त्यांचा निकाल रोलवरच लागतो.

कापडी पडद्याचे शटर असेल तर पडदा टॉर्चसमोर धरून सूक्ष्म छिद्रे शोधावीत. रेंजफाइंडर जातीच्या, म्हणजे दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस साधायच्या, कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे आरसा नसतो, त्यामुळे लेन्सचे झाकण न लावता तो उन्हात राहिला तर सूर्याची प्रतिमा थेट पडद्यावर पडते आणि कापड जळते. पातळ धातूच्या पात्यांचे शटर असेल तर पात्यांवर तेलाचे डाग किंवा कोणाच्या तरी बोटाने पाडलेला वाक आहे का ते पाहावे, पण स्वतः बोट लावू नये. फेड आणि झोर्की या सोव्हिएत कॅमेऱ्यांबाबत एक सूचना आधीच देऊन ठेवतो: कळ फिरवून शटर ताणल्याशिवाय वेगाची चकती फिरवू नये, नाहीतर यंत्रणा बिघडते. आणि 'लायका' असे कोरलेला, सोनेरी मुलाम्याचा कॅमेरा कोणी स्वस्तात देऊ केला, तर बहुधा तो वेषांतर केलेला फेड किंवा झोर्कीच असतो, हे मुंबईच्या चोरबाजारात फिरलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

लेन्स तपासताना अॅपर्चर, म्हणजे लेन्समधले लहान-मोठे होणारे छिद्र, पूर्ण उघडावे आणि मागच्या बाजूने तिरकी टॉर्च मारावी. थोडी धूळ चित्रात उतरत नाही. तिच्यासाठी भाव पाडून मागायचीही गरज नाही. बुरशी मात्र धाग्यांसारखी, फांद्या फुटलेली दिसते, आणि ती पुसून काढली तरी भिंगावरच्या लेपावर तिचे कोरलेले वळ राहू शकतात. कडेला एखादा ठिपका असेल तर किंमत कमी करून घेता येईल. मध्यभागी जाळे असेल तर लेन्सची किंमत शून्य धरावी. अॅपर्चरची पाती कोरडी असावीत आणि सोडल्यावर झटकन मिटावीत; तेलकट पाती सुस्तावतात, आणि मग f/१६ लावूनही फोटो f/८ वर, म्हणजे मोठ्या छिद्रावर, निघतो. फोकसची कडी थोडी जड चालली तरी हरकत नाही, पण तिच्या फिरण्यात एकसारखेपणा हवा. शेवटी कॅमेरा घेऊन गच्चीवर जावे, पांडवलेण्याच्या डोंगराच्या कडेवर किंवा तितक्याच लांबच्या एखाद्या टाकीवर नजर लावावी आणि कडी अनंताच्या खुणेपर्यंत न्यावी. तिथे चित्र स्वच्छ दिसले पाहिजे. रेंजफाइंडरमध्ये दोन प्रतिमा नेमक्या तिथेच एक व्हायला हव्यात, आणि एक प्रतिमा दुसरीपेक्षा वर-खाली असेल तर कॅमेरा कधीतरी आपटलेला आहे. आपटल्याची दुसरी खूण म्हणजे फिल्टर बसवायच्या कडीला पडलेला पोचा, आणि अडाण्याने उघडल्याची खूण म्हणजे ओरखडलेल्या स्क्रूंची डोकी. ही दुसरी खूण मला पोच्यापेक्षाही जास्त घाबरवते.

मागच्या झाकणाच्या खाचेतला फोम काडीने टोचून पाहावा. डांबरासारखा चिकटला तर तो कुजलेला आहे आणि त्यातून प्रकाश आत शिरणार. पण नवा फोम कापून बसवणे घरी जमण्यासारखे काम आहे, तेवढ्यासाठी चांगला कॅमेरा सोडू नये. सेलाच्या खणात हिरवट-पांढरा क्षार दिसला तर तारांपर्यंत गंज गेला असण्याचा संभव असतो. प्रकाशमापक मोबाइलवरच्या एखाद्या मापक अॅपशी ताडून पाहावा, किंवा जुना नियम वापरावा: स्वच्छ उन्हात f/१६ आणि फिल्मच्या वेगाइतका (डबीवरच्या आयएसओ आकड्याइतका) शटरवेग, म्हणजे २०० च्या फिल्मला साधारण १/२५०. ओएम-१ सारखे कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलासाठी बनले होते आणि तो सेल आता बनत नाही. त्या जागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला तर मापन चुकते. श्रवणयंत्राचा ६७५ क्रमांकाचा सेल १.४ व्होल्टचा असल्याने त्याहून बरा, मात्र तो आकाराने लहान असल्याने भोवती कडी बसवावी लागते, आणि त्याचा चिकटपट्टा काढल्यावर तो काही आठवड्यांत, फार तर दोन-चार महिन्यांत उतरतो.

काही मॉडेलांचे आजार ठरलेले आहेत आणि ते विकत घेण्याआधी ऐकू येतात. याशिका इलेक्ट्रो ३५ ची कळ फिरवताना आतून एक 'धप्' असा आवाज यायला हवा. तो आला नाही तर आतला रबराचा छोटा तुकडा झिजून गेला आहे आणि फोटो पांढुरके निघणार. सेल नसेल तर हा कॅमेरा फक्त १/५०० वर चालतो, हेही लक्षात ठेवावे. कॅनन एई-१ चा आरसा उठताना दम्याच्या खोकल्यासारखा आवाज आला तर तिथले वंगण सुकले आहे. मिनोल्टा एक्स-७०० नवा सेल घालूनही ढिम्म राहिला तर आतला कपॅसिटर (वीज साठवणारा लहान भाग) गेलेला असण्याची शक्यता मोठी. ऑलिंपस ट्रिप ३५ ला सेलच लागत नाही. त्याच्या लेन्सभोवतीचा जाळीदार भाग हाताने झाकून, 'ए' या खुणेवर खटका दाबावा. व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर आली आणि खटक्याने नकार दिला, तर उजेडावर वीज तयार करणारा आतला सेलेनियमचा पत्रा जिवंत आहे. आजोबांचा अग्फा क्लिक-३ असेल तर त्याला ३५ मिलिमीटरचा नव्हे, १२० चा रोल लागतो, एवढे पाहून घ्यावे.

एवढे झाल्यावरही विकणाऱ्याकडून आठ-दहा दिवसांची मुदत मागावी आणि एक रोल चालवावा. दिवस ढगाळ असताना, किंवा उतरत्या दुपारी, सावलीतली एकरंगी भिंत निवडून पहिल्या सात चौकटी अशा घ्याव्यात: १/१००० ला f/२, १/५०० ला f/२.८, १/२५० ला f/४, १/१२५ ला f/५.६, १/६० ला f/८, १/३० ला f/११ आणि १/१५ ला f/१६. प्रत्येक वेळी फिल्मवर पडणारा प्रकाश सारखाच आहे, म्हणून सातही चौकटी सारख्या गडद यायला हव्यात. उरलेला रोल रामकुंडावर सकाळी घालवावा. काळ्या पायऱ्या, पांढरी धोतरे आणि पाण्यावरची चमक एकाच चौकटीत मिळाल्याने लेन्सचे गुणदोष लगेच कळतात. रोल धुवायला टाकताना निगेटिव्ह परत हवी असे स्पष्ट सांगावे, कारण स्कॅन करताना लॅबचे यंत्र उजेडाची कमी-जास्त परस्पर सावरून घेते आणि कॅमेऱ्याचा दोष झाकला जातो. निगेटिव्ह खिडकीसमोर धरून १/१००० ची चौकट आधी पाहावी: ती एका कडेकडे पातळ होत गेली असेल तर मागचा पडदा पुढच्याला गाठतो आहे. दोन चौकटींमधले अंतर कमी-जास्त असेल तर फिल्म ओढणारी यंत्रणा घसरते. दोन्ही दोष दुरुस्त होतात, पण साफसफाई आणि तेलपाणी करणाऱ्या कारागिराला खर्च विचारून तो किमतीतून वजा केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कॅमेरा घरी आल्यावर जूनच्या आत त्याची चामड्याची पेटी वेगळी करून दुसऱ्या कपाटात ठेवावी, कॅमेरा मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, सेल काढून घ्यावा आणि शटर ताणलेले सोडू नये. महिन्यातून एकदा, संध्याकाळी चहाच्या वेळी, रोल नसला तरी एक सेकंदापासून वरपर्यंत सगळ्या वेगांवर खटका दाबून ती गरगर ऐकावी.