कांद्याची कोवळी पात पिवळी पडली तेव्हा

निफाड तालुक्यातील आमच्या रांगडा (खरीप व रब्बीच्या मधल्या हंगामातील) कांद्याची मधली पात फिकट पिवळी निघू लागली, बाहेरची जुनी पात मात्र हिरवीगार होती. निदानाची खूण नेमकी इथेच असते. नत्र कमी पडले तर पीक ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवते, त्यामुळे आधी जुनी पात पिवळी पडते. गंधक मात्र जुन्या पानांतून सहजासहजी हलत नाही, म्हणून त्याची उणीव कोवळ्या पातीवर दिसते. लोहाच्या कमतरतेत उमटणाऱ्या हिरव्या-पिवळ्या उभ्या रेषाही येथे नव्हत्या. माती परीक्षणात उपलब्ध गंधक 10 पीपीएमच्या (दशलक्ष भागांत 10 भाग) खाली, म्हणजे कमी, आले. लागवडीच्या वेळी दिलेल्या डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खतात गंधक नसते, सिंगल सुपर फॉस्फेट या खतात ते सुमारे 11 टक्के असते.

दुकानदाराने गंधकाची भुकटी सुचवली. परंतु मुळे गंधक सल्फेटच्या, म्हणजे ऑक्सिजनशी जोडलेल्या, रूपातच शोषतात आणि जमिनीतील जिवाणूंना भुकटीचे सल्फेट करायला काही आठवडे लागतात. उभ्या पिकाला तेवढी सवड नसते. म्हणून सुमारे 24 टक्के गंधक असलेले अमोनियम सल्फेट पाण्याच्या पाळीआधी दिले आणि त्यातील 20 टक्क्यांहून थोडे अधिक नत्र धरून युरिया तितका कमी केला. पुढची पात हिरवी निघाली.

पानात पोहोचलेले सल्फेट हरितलवकांत (पेशींतील हिरव्या कणांत) सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेवर क्षपित होऊन (त्यातील ऑक्सिजन निघून) त्यापासून सिस्टीन आणि पुढे मेथिओनिन ही अमिनो आम्ले बनतात. कांद्याचा तिखटपणाही याच गंधकाचा. येत्या लागवडीला जिप्सम (सल्फेटयुक्त खनिज) आधीच मातीत मिसळणार आहे.